रकाना नसलेली अकरा झाडं

कंपनीच्या फॉर्ममध्ये नऊ रकाने होते आणि ते नऊही मी माझ्या हाताने भरले, म्हणून या प्रकरणात पहिल्या शिव्या खायचा मान माझा. मी पार्जिलान. मेरापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर आमची न्गासेमसारी वाडी, तिथल्या सालाक बागायतदार गटाचा मी चिटणीस. गटात सव्वीस घरं. कोणाकडे किती झाडं, कोणाच्या झाडाला वर्षाला किती घड, कोण मोजताना दोन वाढवून सांगतो आणि कोण दोन चोरतो, हे सगळं माझ्याकडे आहे. पहिलं हिरव्या वहीत, बाकीचं डोक्यात.

फॉर्मचा आठवा रकाना होता ‘फळ न देणारी झाडं’. नववा होता ‘या झाडांचं वर्षाचं उत्पन्न’. फळच न देणाऱ्या झाडाचं उत्पन्न विचारणारा माणूस कसा दिसतो, हे मला एकदा पाहायचंय. पण तेव्हा मी हसलो नाही. म्बोक सार्जियेमच्या, म्हणजे सार्जियेममावशीच्या, नावापुढे आठव्यात अकरा लिहिलं, नवव्यात शून्य लिहिलं, आणि वर शाई सुकायला फुंकरही मारली.

ती अकरा झाडं नर होती.

बाजारात सालाक सोलून खाणाऱ्याला हे कळायचं कारण नाही. त्याला दिसतं ते मुठीएवढं फळ, वर सापाच्या कातडीसारखी साल, आत पांढऱ्याशुभ्र तीन फाका. झाड त्याने पाहिलेलं नसतं. बुटकं, बिनखोडाचं, जमिनीतूनच काटेरी झावळ्या उसळल्यासारखं. या झाडांत बाई वेगळी आणि बाप्या वेगळा. मादी झाडाच्या पोयीत, म्हणजे फुलोऱ्याच्या आवरणात, आखूड, जाडसर, गुलाबी फुलांची कणसं येतात. नराला लांब तुरे, बोटं पसरल्यासारखे, एकेका बोटावर शेकडो तांबूस फुलं आणि त्यांत पिवळी भुकटी. ती भुकटी मादीच्या फुलावर पडली तर फळ. मादीचं फूल तीन दिवस उघडं राहतं. चौथ्या दिवशी तपकिरी पडतं आणि घड टकला राहतो. सोंडकिडे थोडी ने-आण करतात, पण किड्यांवर सोडलेल्या बागेत पाटीभर फळसुद्धा धरत नाही. म्हणून आम्ही हाताने करतो. याला आमच्याकडे लग्न लावणं म्हणतात. नर तुरा कापायचा, मादीच्या कणसावर धरून टिचक्या मारायच्या, आणि पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून वरून पाण्याच्या बाटलीचा कापलेला बुडखा टोपीसारखा घालायचा.

सव्वीस घरांची लग्नं म्बोक सार्जियेम लावायची. वय बासष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी दूर बाताम बेटावर कारखान्यात. सकाळी ऊन वर यायच्या आत कोपरापर्यंत जाड मोजे चढवून, कमरेला कोयता लावून ही बाई निघायची. मजुरी घ्यायची ती हाताची. तुऱ्याची कधी घेतली नाही. नर फूल विकायचं नसतं, ही इथली रीत. ज्याला हवं त्याने कुंपणाशी यायचं, माडाच्या गुळाचा एक खडा द्यायचा आणि म्हणायचं, “नवरदेव मागायला आलोय.”

बाकीच्यांच्या बांधावरही एकदोन नर होते. पण एकदोन नरांचं असं असतं की मादीची पोय फुटते त्या आठवड्यात ते नेमके मुके असतात. सार्जियेमच्या नवऱ्याने अकरा ठेवले होते ते मोजून. एक फुलला की दुसरा आवरत असतो, दुसरा आवरला की तिसरा तयार. वर्षातला असा आठवडा नव्हता की तिच्या कुंपणात एकही तुरा उघडा नाही.

आता बैठकीचं सांगतो.

पाक हार्योको, म्हणजे हार्योकोसाहेब, आमचे गटप्रमुख. मुख्याध्यापक होते. शाळेतून निवृत्त झाले, आमच्यातून अजून झालेले नाहीत. परदेशी माल धाडणारी एक कंपनी आमचा सालाक घ्यायला तयार झाली होती, तिचा फॉर्म त्यांनी आपल्या पडवीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

“अट साधी आहे. ज्याच्या बागेत शंभरात दोनपेक्षा जास्त झाडं बिनफळाची, तो यादीत नाही. यादीत नाही त्याच्या दारात ट्रक थांबणार नाही. काही शंका?”

तळलेला कसावा गरम होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. फक्त सार्जियेमने चहाच्या पेल्यावर झाकण ठेवलं.

“पाक, नराला फळ येत नाही हा काय त्याचा आळस आहे?”

माणसं हसली. हार्योको हसले नाहीत. “म्बोक, यात नर-मादी असं काही नाही. फळ देणारी आणि न देणारी. दोनच जाती.”

“मग फॉर्म चुकलाय.”

“फॉर्म छापील आहे,” हार्योको म्हणाले, आणि तिथे तो मुद्दा संपला.

मागून दालिजोने तोंड घातलं. “म्बोक, बालीचा सालाक लावा! तिकडे एकाच कणसात नवरा-बायको. कुणाच्या दारात मागायला जायला नको. घरजावई ठेवल्यासारखं.”

“घरजावई किती पडतो ते तुझ्या सासऱ्याला विचारून सांग आधी,” सार्जियेम म्हणाली. दालिजो स्वतः बारा वर्षं सासऱ्याच्या घरात राहतोय. त्यानंतर त्याने कसाव्यातच लक्ष घातलं.

पुढे जे झालं ते मला आजही पचत नाही. नीट ऐका. आमच्यापैकी पंचवीस घरांना अटीचा काहीच त्रास नव्हता. माझ्या बागेत एकशे तीस झाडं, त्यांत दोन नर. शंभरात दोनसुद्धा नाही. सगळ्यांचं थोडंफार असंच. एकट्या सार्जियेमची नव्वद झाडं आणि त्यांत अकरा नर. पण हार्योको पडले मास्तर. पुढच्या बैठकीला ज्यांच्या आठव्या रकान्यात शून्य आहे अशा तिघांची नावं त्यांनी वाचली, तिघांना उभं केलं आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. झालं. शेजारचा उभा राहिलेला कोणाला बघवतो? महिन्याभरात पंचवीस घरांतले एक्केचाळीस नर आडवे झाले. प्रत्येकाने आपापल्या चुलीपुढे बसून एकच हिशोब केला: म्बोककडे अकरा आहेतच की. मीही तोच केला. माझा एक नर तर वडिलांनी लावलेला. मी तोडला, उभा राहिलो, टाळ्या घेतल्या.

आणि जिच्या अकरांच्या भरवशावर सगळ्यांनी आपले तोडले, तिचंच नाव, अकरा ठेवले म्हणून, यादीतून गेलं. रेघ मी मारली. पट्टी लावून.

दर बुधवारी ट्रक यायचा. पंचवीस दारांत थांबायचा आणि सव्विसाव्या दारापुढून धूळ उडवत जायचा. सार्जियेम टोपली पाठीला बांधून खाली तेंपेलच्या बाजारात जायची. तिथल्या दलालाला समजलं होतं की हिला दुसरं गिऱ्हाईक नाही. फळ दाबून बघायचा, नाक मुरडायचा, निम्मा भाव सांगायचा. मुलीचा फोन यायचा की विका ती बाग आणि या इकडे. माझी पडवी तिच्या पडवीसमोर, मधे फक्त गल्ली, त्यामुळे फोन मलाही ऐकू यायचा. असेच दोन हंगाम गेले असते तर बाग गेली असती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी वही मिटून घरात जायचो.

तीन महिन्यांनी पोया फुटल्या.

आमच्याकडे चिडायची एक पद्धत आहे. साधा राग असेल तर माणूस ओरडतो, ताट आपटतो. पण खरा चिडला की आवाज खाली येतो आणि आदर वाढत जातो. मला आयुष्यभर ‘जिलान, इकडे ये’ म्हणणाऱ्या सार्जियेमने बैठकीनंतर मला ‘चिटणीससाहेब, आपण’ म्हणायला सुरुवात केली होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला हार्योकोंची बायको आली. हातात गुळाचा खडा नव्हता, अख्खी ढेप होती. मी पडवीत बसून पाहत होतो.

“बू, बाईसाहेब! आपण आलात, माझ्या अंगणात उजेड पडला,” सार्जियेम म्हणाली. “बसावं. चहा घ्यावा.”

“चहा नको म्बोक. ते आपलं... नवरदेव मागायला आले होते.”

“नवरदेव? माझ्याकडे?” सार्जियेमने चक्क मागे वळून पाहिलं. दहा पावलांवर तिसऱ्या झाडाचा तुरा तांबडालाल फुटलेला होता, त्यावर सोंडकिड्यांची जत्रा भरलेली. “बू, आपली काहीतरी गल्लत झाली. गटाच्या वहीत बघावं. शून्य लिहिलंय. एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं खोटं कसं असेल? आणि शून्यातून तुरा काढून द्यायला मी काही जादूगार नाही.”

“अहो, तो दिसतोय की तिथे!”

“दिसत असेल. पण छापील नाही.”

दुपारपर्यंत एकोणीस माणसं आली. मी मोजली. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आलोय. प्रत्येकाने गूळ लुंगीत किंवा पदरात लपवलेला, आणि परत जाताना प्रत्येकाला पुढचा भेटत होता. दालिजो आला तेव्हा सार्जियेमने त्याला बालीचा पत्ता विचारला. सगळ्यांना चहा मिळाला, सगळ्यांना ‘आपण’ मिळालं, तुरा कोणालाच मिळाला नाही.

संध्याकाळी मी गेलो. गूळ नेला नाही. निदान तेवढी लाज होती.

“यावं, चिटणीससाहेब. वही आणलीत का?”

“नाही, म्बोक.”

“मग वही घेऊन यावं.”

मी गल्ली ओलांडून वही आणली. तिने मला तिचं पान उघडायला लावलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. नाव. झाडं नव्वद. फळ देणारी एकोणऐंशी. न देणारी अकरा. त्यांचं उत्पन्न शून्य. आणि या सगळ्यावरून आडवी रेघ.

“रेघ सरळ आलीय,” ती म्हणाली. “पट्टी लावली होतीत?”

मी वही मिटली.

तिने कोयता घेतला आणि मला मागच्या बाजूला नेलं. एका मादी झाडाची पोय उघडून एक फूल खुडलं, कोयत्याच्या टोकाने आडवं कापलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“पोटात कप्पे किती?”

“तीन.”

“फळात फाका किती?”

“तीनच.”

“बिया?”

“एकेका फाकेत एक.”

“प्रत्येक बीला नराच्या भुकटीची एक कणी लागते. तिन्ही पोचल्या तर गोल फळ. दोन पोचल्या तर वाकडं, एका अंगाने बसलेलं. तेच फळ दलाल माझ्या तोंडावर फेकतो. एकही पोचली नाही तर काय होतं ते चौथ्या दिवशी बघालच आपल्या बागेत.” तिने माझ्या हातातून फूल काढून घेतलं. “गेली नऊ वर्षं या वाडीतल्या सव्वीस बागांची फळं मी धरवली. माझ्या झाडांच्या कण्यांवर. तुमच्या बागेतली फळं, चिटणीससाहेब, ती तुमच्या पानावर आहेत, मला मान्य. बापाचं नाव कुठल्या पानावर आहे?”

मी म्हणालो, “फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.”

इतका वेळ धरलेला आदर तिच्या हातून तेवढ्यापुरता निसटला. “नव्हता, तर तुझा हात मोडला होता का काढायला?”

लगेच सावरली. पण माझ्या कानात ते बसलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग तिने अट सांगितली. वहीत दहावा रकाना, ‘नर झाडं’. त्यात तिची अकरा. प्रत्येक घराच्या ओळीत, या हंगामात किती घड कोणाच्या नरावर धरले त्याचा आकडा. तिचं नाव परत यादीत. आणि या सगळ्याखाली गटप्रमुखांची सही, त्यांच्या पडवीत नाही, हिच्या पडवीत. “मग न्या तुरे. अकराच्या अकरा झाडं भादरून न्या.”

मी तसाच हार्योकोंकडे गेलो. ते लवंगी सिगरेट ओढत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छापील फॉर्मवरून उतरवलेल्या वहीत हाताने रकाना काढायचा? पार्जिलान, उद्या म्हणशील नकाशात एक नदी वाढवू.”

“पाक, पोया फुटल्यात. तिनातला एक दिवस गेला.”

“एका बाईच्या रुसव्यावर गट चालत नाही. क्रासाक नदीच्या पलीकडे नर काय कमी आहेत? मी गाडी धाडलीय.”

आणि खरंच धाडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन गोण्या तुरे आले. नदीपलीकडच्यांची नर विकायची रीत आहे म्हणे. पैसे मोजून घेतले आणि तुरे आदल्या सकाळी कापून, गोणीत दाबून, तोंड शिवून ठेवलेले. हार्योकोंच्या अंगणात गोण्या उपड्या केल्या. वाफ आली. तुरे काळवंडलेले, ओलसर, हातात घेतले की फुलं गळून पडायची. आणि भुकटी सगळी गोणीच्या तळाशी, घामेजलेल्या पिवळ्या लगद्यासारखी.

“गोणीचं लग्न लागलं,” दालिजो म्हणाला, “झाडांचं राहिलं.” या वेळी कोणी हसलं नाही.

तरी लोकांनी ते तुरे नेले. माझ्या बायकोनेही नेले, कणसावर टिचक्या मारमारून तिची नखं दुखली. काही पडलं नाही. संध्याकाळी खालच्या अंगाच्या बागांतून बातमी आली की तिकडची पहिली फुलं तपकिरी व्हायला लागलीत. खाली उकाडा जास्त, म्हणून त्यांच्या पोया आमच्या एक दिवस आधी फुटल्या होत्या. आमचा तिसरा दिवस उद्याचा.

माझा राग हार्योकोंवर होता का? होता. पण त्याहून जास्त आम्हा पंचवीस जणांवर होता. त्या रात्री एकाही घरातून कोणी उठून हार्योकोंना सांगायला गेलं नाही की जा आणि सही करा. सगळ्यांना घड हवे होते आणि सगळ्यांना हवं होतं की तोंड दुसऱ्याने उघडावं. नर झाडांचा हिशोब जसा केला तसाच हाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच हार्योको स्वतः आले. डोक्यावर काळी टोपी, अंगात बाटिकचा सदरा, जणू लग्नाची बैठक. मी वही घेऊन आधीच तिच्या पडवीत होतो. दहावा रकाना मी पहाटेच आखून ठेवला होता. पट्टीशिवाय. थोडा वाकडा आला.

“म्बोक,” हार्योको म्हणाले, “वाडीच्या भल्यासाठी...”

“पाक, आपले पाय माझ्या पडवीला लागले. बसावं.”

“वाडीच्या भल्यासाठी मी सही करायला तयार आहे.”

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

सार्जियेमने पेन्सिलीकडे बघितलं. गल्लीत एव्हाना दहाबारा माणसं जमली होती, कुंपणाला न टेकता, कारण कुंपणही सालाकच्या झावळ्यांचं.

“पाक, माझी मुलगी आपल्या शाळेत होती,” ती अगदी हळू म्हणाली. “पहिलीच्या पोरांना आपण पेन्सिल द्यायचात. का द्यायचात?”

हार्योकोंनी पेन्सिल मुठीत झाकली.

“खोडता यावं म्हणून,” गल्लीतून माझ्याच बायकोने उत्तर दिलं. तीही त्याच शाळेतली.

मी माझं पेन पुढे केलं. हार्योकोंनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सही केली. लांबलचक, शेवटी दोन टिंबं देऊन. मग रेघेखाली दडलेलं सार्जियेमचं नाव मी खाली नव्याने लिहिलं, नव्वद झाडांसकट, अकरा नरांसकट.

तिने वाचलं. बोटाने ओळ धरून, अक्षर न् अक्षर. मग उठली आणि मोजे चढवले.

“उभे काय राहिलात? ऊन चढलं की भुकटी उडून जाईल. जिलानच्या बायको, तू खालची बाजू घे. दालिजो, बाटल्यांच्या टोप्या गोळा कर, तुझ्या सासऱ्याच्या दुकानात रिकाम्या बाटल्यांचा ढीग आहे. पाक, तुम्हीही या. तुमच्या बागेत तुम्हीच वाकायचं आज.”

त्या दिवशी अकरांतल्या चार झाडांचेच तुरे उघडे होते. चार झाडं, पंचवीस बागा, तीन-चार तास. निम्मे घड वाचले. निम्मे गेले. खालच्या अंगाचे तर जवळजवळ सगळेच. मी दहाव्या रकान्यात प्रत्येकाचा आकडा लिहिला आणि गेलेल्या घडांचाही लिहिला, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

पुढच्या बुधवारी ट्रकबरोबर कंपनीचा माणूस आला, हातात तो चपटा फोनसारखा पडदा. सार्जियेमच्या दारात टोपल्या बघून थांबला.

“ही यादीत नाही. हिच्याकडे शंभरात बारा बिनफळाची आहेत. आणि हा दहावा रकाना काय आहे? आमच्या यंत्रात नऊच बसतात.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हार्योको पुढे झाले. मला वाटलं, संपलं. पण मी माणूस ओळखण्यात इतकी वर्षं घालवूनही एक गोष्ट विसरलो होतो. ज्या कागदावर हार्योकोंची सही असते तो कागद बरोबरच असतो.

“यंत्र मोठं करा,” ते म्हणाले. “त्याच्यावर माझी सही आहे. आणि भागाकार नीट करा. हे नर एका बागेचे नाहीत, वाडीचे आहेत. वाडीत झाडं किती, पार्जिलान?”

“तीन हजार चारशे नऊ.”

“त्यांत बिनफळाची अकरा. तीनशेत एक. तुमची अट शंभरात दोन. शाळेतला पोरगाही सांगेल.”

त्या माणसाने पडद्यावर काहीतरी दाबलं, कोणाला तरी फोन लावला, पाठ करून बोलला. मग म्हणाला की गटाच्या नावाने एकत्र नोंद करता येते, तशी सोय पहिल्यापासून आहे. टोपल्या चढल्या. सार्जियेमने प्रत्येक टोपली काट्यावर ठेवताना स्वतः बघितलं.

ट्रक गेल्यावर ती हार्योकोंकडे वळली. “पाक, तीन महिन्यांपूर्वी हा भागाकार येत नव्हता का?”

मी तिथेच वहीच्या शेवटच्या पानावर उदाहरण सोडवलं. तोडण्याआधी वाडीत एकूण झाडं तीन हजार चारशे पन्नास. नर, तिचे आणि आमचे मिळून, बावन्न. शंभरात दीड. अटीच्या आत. एकही झाड तोडायची गरज नव्हती. कोणाचंही नाव कापायची गरज नव्हती. मी ते उत्तर सगळ्यांना दाखवलं. बघितलं सगळ्यांनी. कोणी वाचून दाखवा म्हणालं नाही.

एवढ्यावर ती थांबली असती तर सार्जियेम कसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या नरांच्या बुडाशी आलेले फुटवे खणून काढले. बी लावलं तर नर निघेल की मादी, चार वर्षं वाट बघावी लागते. नराचा फुटवा म्हणजे नरच. हातगाडीवर पंचवीस फुटवे, झावळ्या ओल्या गोणपाटात बांधलेल्या. पहिलं घर हार्योकोंचं.

“मागे परसात लावू आपण,” हार्योको म्हणाले. “तिथे सावली आहे.”

“इथे.” तिने अंगणाच्या मधोमध, पडवीच्या पायरीसमोर पायाने खूण केली.

“इथे? म्बोक, इथे पाहुणे येतात. लुंगी अडकेल काट्यांत.”

“अडकू दे. काय झाड आहे म्हणून विचारतील. सांगा.”

“फुलायला किती वर्षं?”

“तीन. तोवर मी आहे. त्यानंतर दर वेळी माझ्या दारात यायचं नाही, आपापलं ठेवायचं. खड्डा खोल काढा, पाक. अजून. मुळं दुमडतायत, दिसत नाही का?”

हार्योको घामाघूम झाले. फुटवा उचलताना काटा तळहातात घुसला आणि त्यांच्या तोंडून मुख्याध्यापकाला न शोभणारा एक शब्द निघाला. सार्जियेमने माती दाबली, पायाने नाही, मुठींनी, आणि गाडी पुढे ओढली.

मी वही काखेत मारून मागे मागे चाललो होतो, कुठल्या घरी कुठे लावला ते लिहीत. चौथ्या घरानंतर गाडी माझ्या फाटकाशी थांबली. मी मनात जागा ठरवून ठेवली होती, गोठ्यामागे, बांधाच्या कडेला.

“जिलान,” ती म्हणाली, “कुदळ कुठाय तुझी? आणि वडिलांचा होता तो कुठे होता, दाखव.”

तोडलेला खुंट अजून दिसत होता. मी तिला तिकडे नेलं आणि कुदळ शोधायला गेलो.